ओवाळणीत पडलेलं पुस्तक

हल्ली दिवाळी जवळ आली की आमच्या घरात नातवंडांची खलबतं सुरू होतात, यंदा कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं. त्याला खाण्याची आवड आहे ना, मग त्याला पाककृतींचं द्या. तिला वाचायचा नाद आहे, तिला कादंबरी द्या. झालं! जसं काही माणसाच्या कपाळावर लिहिलेलंच असतं, हा खाणारा आणि ही वाचणारी. मी आपली कोपऱ्यात बसून ऐकते आणि गालातल्या गालात हसते. कारण माझ्या ओवाळणीत पहिलं पुस्तक पडलं ते स्वयंपाकाचं होतं, आणि ते बघून मला असा संताप आला होता की तबक हातात नसतं तर भावाच्या पाठीत गुद्दाच घातला असता.

गोष्ट सोलापुरातली, सन तीस-बत्तीसच्या सुमाराची. माझं माहेर करकंबचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे घरात धान्य कमी आणि पुस्तकं जास्त असा प्रकार. मी चुलीपुढे बसले तरी मांडीवर पुस्तक असायचंच. आई ओरडायची, वडील म्हणायचे, "वाचू दे की, सासरी गेल्यावर आहेच मग." ते आहेच मग म्हणजे काय, ते मला नवी पेठेच्या मागच्या गल्लीत येऊन पडल्यावर कळलं.

सासर चांगलं होतं, उगाच नावं ठेवत नाही. हे मिलच्या हापिसात कारकून. सकाळी भोंगा झाला की घराबाहेर, संध्याकाळी भोंगा झाला की घरात. मामंजी निवृत्त, दिवसातला निम्मा वेळ देवळात. आणि घराच्या मधोमध सासूबाई! त्या अक्कलकोटकडच्या. बोलायच्या मराठी, पण रागावल्या की कानडी. "अय्यो" ऐकलं की आम्ही तिघंही सावध व्हायचो, आणि "साकु!" म्हणाल्या की विषय संपला, आता पुरे. हाताला चव अशी की गल्लीतल्या कुणाच्याही घरी कार्य असो, मीठ बघायला त्यांनाच बोलावणं. त्यांची शेंगांची चटणी खाऊन मिलचे साहेब एकदा यांना म्हणाले होते, "तुमचा डबा मला द्या, माझा तुम्ही घ्या." त्याचं तेज सासूबाईंच्या चेहऱ्यावर वर्षभर टिकलं होतं.

स्वतः खाण्याच्याही तितक्याच शौकीन. ताटात वाढलेला पहिला घास तोंडात घेऊन डोळे मिटायच्या आणि मग निकाल द्यायच्या. मला तो निकाल ऐकताना शाळेच्या परीक्षेपेक्षा जास्त धडकी भरायची.

लग्नात मी ट्रंकेत लपवून तीन पुस्तकं आणली होती. दुपारी सगळं आवरलं की माजघरात पाठ करून वाचायची. सासूबाई बघायच्या, नाक मुरडायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्या स्वतः एक अक्षरही शिकलेल्या नव्हत्या आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे, निदान दाखवत तरी नसत. पण श्रावणात माझं नशीब फिरलं. सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसले होते आणि सुपाच्या कडेला पुस्तक उघडं. गोष्ट अशा जागी आली होती की डोळा हलवता येईना. बोटं आपली तांदळात फिरत होती, पण नजर कुठे होती ते देवाला ठाऊक. त्या दिवशी सवाष्ण जेवायला, पंगत मांडलेली, आणि मामंजींनी दुसऱ्याच घासाला असा काही आवाज काढला की सवाष्णीच्या हातातला घास खाली पडला. खडा! आणि खड्याबरोबर मामंजींचा पुढचा दात.

तो दात तसा आधीच हलत होता, हे मामंजींनी स्वतः कबूल केलं. पण सासूबाईंनी तो पुराव्यासारखा तळहातावर घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"या घरात एकतर पुस्तक राहील, नाहीतर तुझ्या मामंजींचे दात. दोन्ही न्हाई राहायचं."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी भाताकडे बघितलं. आठ दिवसांत वडील भेटायला आले, आणि परत जाताना त्यांच्या पिशवीतून माझी तिन्ही पुस्तकं करकंबला रवाना झाली. मी दारामागे उभी राहून रडले. लोकांना वाटलं, माहेरच्या माणसासाठी रडते. मी पुस्तकांसाठी रडत होते हो! वडील काय, पुन्हा येणारच होते.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. वाण्याच्या पुडीचा कागद वाचायचा, पंचांगाच्या मागची काढ्यांची जाहिरात वाचायची, एकादशीचं फळ तर मला पाठ झालं होतं. यांना म्हटलं, हापिसातून येताना एखादं पुस्तक आणा ना, लपवून ठेवीन. तर म्हणाले, "आईला कळलं तर?" मिलच्या साहेबापुढे ताठ उभा राहणारा माणूस, आईपुढे असा मऊ व्हायचा की राग यावा का हसू यावं ते कळू नये. मला तर रागच यायचा. रात्रंदिवस एकच धास्ती वाटायची, की आता आयुष्यभर असंच. चूल, भाकरी, धुणं, आणि गोष्ट म्हणून काही नाहीच.

अशात दिवाळी आली. आदल्या वर्षी दिवाळसण माहेरी झाला होता, म्हणून ही सासरची पहिलीच. भाऊबीजेला धाकटा भाऊ येणार होता. तो तेव्हा सोलापुरातच कॉलेजच्या आधीची शेवटची परीक्षा द्यायच्या तयारीत होता आणि एका खानावळीत जेवून जेवून वाळला होता, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. बघणाऱ्याला तसं काही दिसत नसे. त्याला मी निरोप धाडला होता, की बाबा रे, साडीचोळी काही नको, ओवाळणीत पुस्तक घाल. ओवाळणीतली वस्तू परत धाडायची नसते आणि दुसऱ्याला द्यायचीही नसते. आमच्याकडे ते कडक पाळतात. भावाच्या आयुष्याचा प्रश्न असतो ना! तेव्हा एकदा तबकात पुस्तक पडलं की सासूबाईंचीसुद्धा मात्रा चालणार नाही, हा माझा हिशेब.

भाऊ आला, अंगभर तेल लावून घेतलं, न्हायला, पाटावर बसला. मी ओवाळलं. त्यानं सदऱ्याच्या आतून पुडकं काढून तबकात ठेवलं. कागद सोडला, आणि बघते तर काय, पाककृतींचं पुस्तक! लाडू, करंज्या, लोणची, मुरंबे. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

आणि हा शहाणा वर सासूबाईंना म्हणतो, "आई, आमच्या ताईला घरी कुणी काही शिकवलंच नाही. पुस्तकात डोकं घालून बसायची. आता पुस्तकातूनच शिकेल म्हणून आणलं."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंच धरलं, वजन बघितलं, आणि म्हणाल्या, "स्वयंपाकाचं पण पुस्तक असतंय होय? अय्यो! ज्याला येत न्हाई त्यालाच लागतंय असलं."

मी भावाला दारापर्यंत पोचवायला गेले ती दात-ओठ खात. "मेल्या, मला गोष्ट हवी होती. भरल्या घरात माझी अब्रू काढलीस वर!" तर तो अनारसा नसलेल्या फराळाच्या पुडीत हात घालून चकली चावत म्हणतो, "ताई, गोष्टीचं आणलं असतं तर उद्या माळ्यावर गेलं असतं. हे स्वयंपाकघरात राहील. आधी छापील कागद तर घरात शिरू दे." बोलण्यात तथ्य होतं, पण तेव्हा ते पटवून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

अनारसा नसलेला फराळ असं मी म्हणाले, कारण आमच्याकडे अनारसे होतच नसत. मी विचारलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "आमच्यात करत न्हाईत." मला वाटलं, कुळाचार असेल.

भाऊबीजेनंतर चार-आठ दिवसांनी दुपारी सासूबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "काय लिवलंय गं त्यात? वाच बघू. आमटी काढ."

मी काढली. पुस्तकातल्या आमटीत गूळ जरा सढळ हातानं घातलेला. सासूबाईंचा अडकित्ता थांबला. "आमटी आहे का खीर? ही पुस्तकवाली कुठली म्हणायची?" मी म्हटलं, पुण्याकडची असावी. "मग बरोबर," म्हणाल्या आणि समाधानानं सुपारी कातरायला लागल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी हा खेळ. मी एक कृती वाचायची, त्यांनी त्या पुस्तकवालीची हजेरी घ्यायची. भाकरीला मोहन? बेडा! नको असलं काही. लोणच्याला एवढंसं तेल? बुरशी खायची आहे का हिला? त्या अशा तावातावानं भांडायच्या की शेजारच्या तेलुगू साळ्यांच्या घरातली माग चालवणारी बाई माग थांबवून खिडकीत यायची. मलाही गंमत वाटायला लागली. स्वयंपाकाचं का होईना, वाचत तर होते.

एके दिवशी मी पान उलटलं आणि अनारसे आले. मी वाचत गेले. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणी बदलावं, मग उपसून सावलीत पंचावर पसरावेत आणि दमट असतानाच कुटावेत.

"सावलीत?"

"हो, सावलीत."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग सुपारी, अडकित्ता सगळं बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझ्या आईनं असं कधी सांगितलंच न्हाई गं. ती म्हणायची, तांदूळ वाळव. मी आपली गच्चीत वाळवायची." सोलापूरचं ऊन ते! कार्तिकातसुद्धा गच्चीवर पाय ठेववत नाही. त्या उन्हात तांदूळ अगदी खडखडीत होत असणार. मग पीठ कोरडं आणि अनारसा तुपात टाकला रे टाकला की हसला, म्हणजे विरून पसरला. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीत त्यांचे सगळे अनारसे असे हसले होते आणि त्यांच्या सासूनं पंगतीत सगळ्यांना ते दाखवले होते. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. मग सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, आमच्यात करत न्हाईत. कसला कुळाचार नि काय! गल्लीभराचं मीठ बघणारी बाई, आणि एवढा एक काटा पोटात घेऊन बसली होती. मला त्यांची पहिल्यांदा माया वाटली.

ना सण ना वार, पण त्या रात्रीच तांदूळ भिजत पडले. माजघरात सावलीत पंचा पसरला, मामंजींना त्या बाजूला फिरकायची बंदी. पुढे पीठ गुळात मुरलं आणि एका दुपारी दाराला कडी लावून आम्ही दोघी कढईपाशी बसलो. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. अनारसा तुपात सुटला. आम्ही श्वास धरून बघतोय. कडेनं बुडबुडे आले, खसखशीच्या बाजूला जाळी पडायला लागली, आणि अनारसा जागच्या जागी शहाण्यासारखा फुलला. हसला नाही! त्यांनी तो झाऱ्यावर घेतला, तूप निथळू दिलं, आणि गरम गरमच अर्धा मोडून माझ्या तोंडात कोंबला. जीभ भाजली, पण बोलणार कोण?

त्यानंतर पुस्तकवालीची हजेरी घेणं कमी झालं. पण नवंच झेंगट सुरू झालं. पुस्तक दोनदा वाचून संपलं, तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्यात माणसंच न्हाईत गं. एवढे लाडू केले हिनं, पण खाल्ले कुणी ते लिवलंच न्हाई."

आता काय सांगणार? मी आपलं पुस्तकावरची नजर न हलवता म्हटलं, "लिहिलंय ना. हे लाडू बार्शीच्या एका मामलेदाराच्या घरी केले. त्याची बहीण बारा वर्षांनी माहेरी आली होती."

"हौदा? खरंच? बारा वर्षं का आली न्हवती?"

झालं! मामलेदाराची बहीण मला दोन दुपारी पुरवावी लागली. मग मुरंब्याच्या पानावर एक विसरभोळे वैद्यबुवा आले, करंजीच्या पानावर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा. पुस्तक उघडं, बोट ओळीवर, आणि तोंडानं मी मनाला येईल ते सांगतेय. रात्री भाकऱ्या थापताना डोक्यात एकच चिंता, उद्या त्या जावांचं काय करायचं? वर्ष असं गेलं. पण खरं सांगते, माझी स्वतःची भूक तशीच राहिली. मी दुसऱ्याला गोष्टी सांगत होते, मला कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्यानं लिहिलेलं, पुढे काय होणार ते मला माहीत नसलेलं असं काही वाचावं म्हणून जीव तगमगायचा. आणि ते मागायची सोय नव्हती. मागितलं तर त्या दाताची आठवण निघायची आणि आहे तेही बंद पडायचं, या भीतीनं मी गप्प बसले.

पुढची दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, तेव्हा एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "लुगडं बदल. बाजारात जायचंय." मला वाटलं, पणत्या, उटणं, रांगोळी. नवी पेठेत माणसांची ही गर्दी, कापडवाल्यांच्या पायऱ्यांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. सासूबाई सगळी दुकानं मागे टाकत सरळ चालल्या आणि एका पुस्तकाच्या दुकानापुढे थांबल्या. पुढे पाट्या, पंचांगं, पोथ्या, मागे कादंबऱ्यांच्या थप्प्या. त्या काळी आमच्यासारख्या घरच्या बायका अशा दुकानाची पायरी चढत नसत. दुकानदार गडबडून उभाच राहिला.

"पोथी दाखवू का, आई? व्रतांची आहे, मोठ्या टाइपातली."

"पोथी बेडा. गोष्टीचं पाहिजे. पाडव्याला ओवाळणीत घालायचंय."

दुकानदारानं चार कादंबऱ्या पुढे टाकल्या. सासूबाईंनी त्या वांगी घ्यावीत तशा एकेक उचलून, दाबून, उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, "ह्यात माणसं जेवतात का?"

"काय?"

"जेवतात का म्हणते मी. वाच गं मधलं एखादं पान."

मी वाचलं. नायक नदीकाठी उभा राहून सुस्कारे टाकत होता. पुढचं पान, अजून सुस्कारेच. "ठेव ते. उपाशी माणसाचं काय ऐकायचं?" दुसऱ्यात लढाई चाललेली. "लढतील बापडे, पण शिदोरी कुणी बांधून दिली ते न्हाई." दुकानदाराला घाम फुटला. गिऱ्हाइकं वळून वळून बघायला लागली. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू वाटेनं चालल्या होत्या, त्या थबकल्या. "अगंबाई! सुनेला भर पेठेत उभं करून वाचायला लावता?"

माझी तर मान खाली गेली. वाटलं, संपलं आता, आत्ता "साकु" येणार आणि घरी जायचं.

"मला वाचता आलं असतं तर हिला कशाला लावलं असतं?" सासूबाई तिथल्या तिथे म्हणाल्या. "माझी सून वाचते आणि मी ऐकते. तुम्हाला ऐकायचं असेल तर या की वर." काकू काही वर आल्या नाहीत.

शेवटी दुकानदारानं अगदी मागून, धूळ झटकून एक पुस्तक काढलं. त्यात लग्नाची पंगतच पंगत, चार पानं नुसतं वाढप. सासूबाईंनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं, मठ्ठ्यात आलं कमी पडलं म्हणाल्या, आणि पसंत केलं. दुकानदारानं सुटकेचा निश्वास टाकून ते कागदात बांधायला घेतलं.

"थांबा. अजून एक," सासूबाई म्हणाल्या. "हे माझं झालं. आता हिच्या आवडीचं द्या. त्यात कुणी जेवलं न्हाई तरी चालेल."

मी चमकून त्यांच्याकडे वळले, तर त्या दुकानदाराकडेच बघून बोलत होत्या. "वर्षभर आपल्या मनानं जोडून जोडून सांगते मला. मामलेदाराची बहीण म्हणे! मला कळत न्हाई होय? सांगून सांगून दमली पोर. तिला बी कुणी सांगायला नको का?"

दुकानदार माझ्याकडे वळला. कुठलं देऊ, ताई? मला एकही नाव आठवेना. वर्षभर ज्यांच्यासाठी जीव टाकला ती सगळी पुस्तकं समोर रचलेली, आणि डोळ्यांत इतकं पाणी की एकाही पाठीवरची अक्षरं लागेनात. मी पदर तोंडाला लावला.

"रडतेस काय भर बाजारात?" सासूबाई माझ्या दंडाला धरून मला थप्पीपुढे ढकलत म्हणाल्या. "सांग की त्याला, कुठलं पाहिजे ते!"